घडवंची मोडीत कोणी काढली?

पावसाळा तोंडावर आला की आपत्ती व्यवस्थापनाच्या यंत्रणेला नागरिकांच्या घरसंसाराची आठवण होते. पत्रके निघतात, चौकाचौकांत फलक लागतात, भ्रमणध्वनीवर संदेश येतात. पिण्याचे पाणी साठवा, कोरडा शिधा बांधून ठेवा, विजेरी जवळ असू द्या, औषधे आणि कागदपत्रे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घाला. यांत चूक काहीच नाही. परंतु राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या पूरविषयक सूचनांत आणखी एक सूचना असते. घर सोडण्याची वेळ आली तर सामान व विजेची उपकरणे पलंगावर आणि टेबलावर चढवून ठेवा, असे तीत सांगितलेले असते. ही सूचना मी दरवर्षी वाचतो आणि दरवर्षी तेथेच अडखळतो. कोणत्या पलंगावर? कोणत्या टेबलावर?

अंबरनाथच्या शिवमंदिराला लगटून जी वालधुनी वाहते तिच्या काठाने एकदा खाली उल्हासनगरच्या दिशेने चालत जावे आणि दाराशी बसलेल्या माणसांशी बोलत बोलत आत डोकवावे. पलंग दिसेल; पण तो पलंग म्हणजे भुश्याच्या दाबून केलेल्या फळ्यांची एक मोठी पेटी असते. खाली सामान ठेवण्याचे खण, आणि बूड थेट फरशीला टेकलेले. टेबल असेल तर त्याचे पाय याच फळ्यांचे, वर सनमायक्याचा झुळझुळीत थर. पार्टिकल बोर्ड म्हणून जी वस्तू विकली जाते ती लाकडाच्या चिपा आणि भुसा चिकटद्रव्यात कालवून उष्णतेने दाबलेली वडी असते. कडेच्या पट्टीखालून पाणी शिरले की ती वडी फुगते, आणि वाळल्यावर पूर्ववत होत नाही. स्क्रूभोवतीचा भुसा सुटतो, सांधा खिळखिळा होतो, आणि ज्या पलंगावर सामान चढवावे असे शासन सांगते तो पलंगच गुडघाभर पाण्यात मान टाकतो. वीतभर पाणी आणि एक रात्र एवढे त्याला पुरते.

हे पाणी काल्पनिक नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मुंबईच्या मिठी नदीची चर्चा देशभर झाली. त्याच दिवशी उल्हास आणि वालधुनी या दोन्ही नद्यांनी बदलापूरपासून कल्याणपर्यंत वस्त्या बुडवल्या, त्यांच्या वाट्याला त्या चर्चेचा शिल्लक भाग आला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान चामटोलीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली. गाडीतले सुमारे १,०५० प्रवासी सुखरूप बाहेर काढण्यात आले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आले, नौदल आले, आकाशात हेलिकॉप्टर आले, आणि चामटोलीचे ग्रामस्थही धावले. ते सारे कौतुकास्पदच होते. परंतु त्याच पुरात बदलापूरच्या सखल भागात जी कपाटे, गाद्या, शिलाई यंत्रे आणि पिठाचे डबे बुडाले त्यांची मोजदाद करायला कोणते विमान येणार? जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आले. बदलापूरला उल्हास नदीची धोक्याची पातळी १७.५० मीटर आहे हे आता हेंद्रेपाड्यातील शाळकरी मुलालाही पाठ असते. ज्या पोराला नदीची पातळी पाढ्यासारखी पाठ करावी लागते, त्याच्या घरातली वह्यापुस्तके ठेवण्याची फळी जमिनीपासून किती उंचीवर आहे, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही.

आता नुकसानभरपाईचे गणित पाहा. केंद्र शासनाने २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे निकष ठरवले. घर वाहून गेलेल्या, पूर्ण पडलेल्या किंवा दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली राहिलेल्या कुटुंबाला कपड्यांसाठी २,५०० रुपये आणि भांडी व घरगुती वस्तूंसाठी २,५०० रुपये, अशी त्यांत तरतूद होती. दोन दिवसांहून अधिक! उल्हासचे पाणी रात्रीतून चढते, आणि घाटमाथ्यावरचा पाऊस थांबून खाडीची भरती उतरली की बहुधा दिवसाभरात ओसरते. पार्टिकल बोर्डाला फुगायला दोन दिवस लागत नाहीत, गादीला कुजायला लागत नाहीत, शिलाई यंत्राची मोटर जळायला तर दोन मिनिटेही लागत नाहीत. निकष लिहिणाऱ्याने पूर कोठे पाहिला असेल तो गंगेच्या किंवा ब्रह्मपुत्रेच्या मैदानात पाहिला असावा. सह्याद्रीच्या पायथ्याशी धावणाऱ्या आखूड नद्यांचा पूर त्याने पाहिलेला नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ च्या पुरानंतर विशेष निर्णय करून पूरग्रस्त कुटुंबांना प्रत्येकी १०,००० रुपयांचे सानुग्रह साहाय्य जाहीर केले हे मान्य केले पाहिजे. परंतु 'सानुग्रह' हा शब्दच पुरेसा बोलका आहे. अनुग्रह राजाचा असतो आणि तो प्रत्येक वेळी नव्याने मागावा लागतो.

येथे कोणी म्हणेल, की मग लोकांनी असले तकलादू सामान घ्यावेच कशाला? प्रश्न रास्त आहे, पण विचारण्याचा सूर बहुधा चुकीचा असतो. ज्या घरात ही वडीची कपाटे आज दिसतात त्याच घरात पन्नास वर्षांपूर्वी काय होते ते आठवावे. चार उंच पायांची घडवंची होती. दिवसा तिच्यावर वळकट्या रचलेल्या असत, काही घरांत पाण्याचे हंडे असत, आणि तिच्याखालून केर काढता येई. भिंतीत फडताळ होते. वर माळा होता, माळ्यावर पत्र्याच्या पेट्या होत्या. दुधादह्याला शिंके होते, कपड्यांना दांडी होती. हे सारे सौंदर्यदृष्टीने केलेले नव्हते. कोंकणपट्टीतल्या पावसाचे, ओलीचे, मुंग्यांचे आणि वाळवीचे शहाणपण त्या उंचीत साठलेले होते. घरातल्या किमती वस्तू जमिनीपासून वर ठेवायच्या ही रीत ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाळली, त्याला आज कोणी पत्रक पाठवून सामान उंचावर ठेवा असे शिकवावे, हा विनोद आहे. पत्रक पाठवणाऱ्या व्यवस्थेनेच ती घडवंची मोडीत काढली, हा त्या विनोदाचा उत्तरार्ध.

ती कशी मोडीत निघाली? मी पाहिलेले एक उदाहरण सांगतो. अंबरनाथच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, चाळीतली खोली सोडून नदीच्या अंगाला उठलेल्या नव्या इमारतीत तळमजल्यावर राहायला गेले. जुन्या खोलीतले लोखंडी कपाट, सागवानी टेबल आणि दोन पेट्या त्यांनी भंगारवाल्याला किलोच्या भावाने दिल्या. नव्या घरात जुने सामान शोभत नाही असे मुलांचे मत पडले. नवे कपाट, नवा पलंग, दूरचित्रवाणीसंच ठेवायचे नक्षीदार खोके हे सारे हप्त्यांवर आले. 'शून्य टक्के व्याज' या अद्भुत योजनेखाली ते आले, ज्यात व्याज नसते आणि तरीही कर्ज देणारा कधी बुडत नाही. २०१९ च्या जुलैत पाणी घरात आले. कपाट गेले, पलंग गेला, आणि हप्ते अकरा शिल्लक राहिले. हप्ता वसूल करणाऱ्या तरुणाने अत्यंत सौजन्याने सांगितले, की पुराचा आणि कराराचा संबंध नाही. त्याचे बरोबरच होते.

भंगारवाल्याकडे गेलेले ते सागवानी टेबल काही चुलीत गेले नाही. जुने सागवान आज कोठे असते ते पाहायचे असेल तर मुंबईच्या चोरबाजारातील दुकाने पाहावीत, किंवा जुन्या वाड्याचा देखावा उभा केलेली महागडी उपाहारगृहे पाहावीत. कष्टकऱ्याच्या घरातून किलोवर निघालेली वस्तू घासूनपुसून, 'प्राचीन' या नावाखाली, अनेक पटींनी श्रीमंताच्या दिवाणखान्यात जाते. श्रीमंताच्या दिवाणखान्यातून नाकारलेली चंगळवादाची कल्पना मात्र, स्वस्त आवृत्तीत आणि हप्त्यावर, कष्टकऱ्याच्या घरी येते. टिकाऊ वस्तू वर आणि टाकाऊ वस्तू खाली, असा हा व्यापार चालतो. ज्याच्या घरात पूर येत नाही त्याच्याकडे पुरात टिकणारे सामान जमा होते.

यात उल्हासनगरच्या सुताराला किंवा छोट्या दुकानदाराला दोष देण्याचे कारण नाही. फाळणीनंतर सिंधमधून उखडलेली सुमारे लाखभर माणसे कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत आणून टाकली गेली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे उल्हासनगर झाले. संकटाची पूर्वतयारी म्हणजे काय हे त्या पिढीला कोणत्याही प्राधिकरणाने शिकवले नव्हते. मिळेल ती वस्तू दुरुस्त करायची, उलटीपालटी करून पुन्हा विकायची, यावर त्यांनी एक शहर उभे केले. 'मेड इन यू.एस.ए.' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, अशी थट्टा मुंबईकरांनी खूप केली. थट्टा करणाऱ्यांपैकी किती जणांना स्वतःच्या घरातल्या खुर्चीचा पाय बसवता येतो? आजही या गावात उत्तम सांधा करणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडे जी मागणी येते ते ते बनवतात. मागणी झुळझुळीत वडीची असेल तर वडी बनेल.

तेव्हा जुन्या, मजबूत सामानाची खरेदी हा काटकसरीचा छंद नाही, तो संरक्षणाचा प्रश्न आहे, असे माझे म्हणणे आहे. आणि संरक्षणाचा असल्यामुळे त्यात डोळे उघडे ठेवावे लागतात. जुन्या बाजारात गेलेल्या माणसाने वस्तूचा दर्शनी भाग पाहूच नये. टेबल उलटे करावे, खण बाहेर काढून त्याची मागची बाजू पाहावी. अस्सल लाकडाच्या फळीची रेघ कडेवरून खाली उतरलेली दिसते, चिकटवलेल्या कागदाची दिसत नाही. एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेला सांधा असेल तर वस्तू शंभरदा दुरुस्त होते. नुसत्या खिळ्यांवर उभी असेल तर एकदाही नाही. पायाशी पिठासारखा भुसा पडला असेल तर कीड आत जिवंत आहे. लोखंडी कपाटाचा वरचा रंग कितीही चकचकीत असो, तळाचा पत्रा बोटांनी दाबून पाहावा. गंज तेथून चढतो. कपाट घरी आणल्यावर ते विटांवर किंवा दगडी ठोकळ्यांवर उभे करावे, आणि शिधापत्रिका, खरेदीखत, मुलांचे दाखले वरच्या कप्प्यात ठेवावेत. पलंग असा घ्यावा, की त्याचे बोल्ट काढून तो हातगाडीवर घालता येईल. उल्हासनगरात मे २०२१ मध्ये दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली. तेव्हापासून धोकादायक ठरलेली इमारत रिकामी करा म्हणून नोटीस आली की कुटुंबाच्या हाती किती वेळ असतो हे तेथील लोकांना ठाऊक आहे. वडीचे कपाट एकदा उकलले की दुसऱ्यांदा धड जुळत नाही.

गादी जुनी घेऊ नये, गॅसची नळी आणि रेग्युलेटर तर मुळीच नाही. वातीचा किंवा पंपाचा जुना स्टोव्ह स्वस्त मिळतो म्हणून हरखून जाऊ नये. शिधावाटप दुकानातले रॉकेल बहुतेक ठिकाणी बंद झाले आहे आणि रॉकेलावाचून स्टोव्ह ही शोभेची वस्तू होय. कोळशाची शेगडी उपयोगी पडते, पण बंद खोलीत ती माणूस मारते.

सर्वांत गंभीर गोष्ट पिंपांची आहे, आणि तिच्यावर मला थोडे थांबायचे आहे. आपत्तीसाठी पाणी साठवा असे सांगितले, की माणूस प्रथम पिंप शोधतो. अंबरनाथ, बदलापूर, डोंबिवली हा रासायनिक कारखान्यांचा पट्टा. या पट्ट्यात रस्त्याच्या कडेला निळ्या प्लॅस्टिकच्या जुन्या पिंपांची रास लावलेली दिसते. नव्या पिंपापेक्षा पुष्कळ स्वस्त. त्या पिंपात यापूर्वी काय होते? कोणाला ठाऊक नसते, किंवा ठाऊक असलेला सांगत नाही. चिठ्ठी खरवडून काढलेली असते. साबणाने, राखेने, चुन्याने घासले म्हणजे पिंप शुद्ध झाले असे समजून गृहिणी त्यात पिण्याचे पाणी भरते. पण प्लॅस्टिक रसायन शोषून घेते आणि पुढे कित्येक दिवस ते पाण्यात सोडीत राहते. घासण्याने ते निघत नाही. रसायन म्हणजे काय हे या परिसराला सांगायला नको. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरात वालधुनीच्या पात्रात टँकरमधून रासायनिक द्रव सोडला गेला आणि त्याच्या वायूने शेकडो माणसांना रुग्णालयात न्यावे लागले. टँकर सोडणाऱ्याचा शोध घेता येतो. घरातल्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या पिंपाचा शोध कोण घेणार? रसायनाचे रिकामे पिंप पुन्हा घरगुती वापरात जाऊ नये याची जबाबदारी प्रथम ते पिंप विकत घेऊन रिकामे करणाऱ्या कारखान्यावर आहे, नंतर नियंत्रण करणाऱ्या यंत्रणेवर, आणि सर्वांत शेवटी त्या गृहिणीवर. आपल्याकडे जनजागृतीच्या नावाखाली नेमका उलटा क्रम लावला जातो. तोवर कार्यकर्त्यांनी घरोघर एवढे तरी सांगावे, की पिण्याच्या पाण्यासाठी जुने पिंप नको. जुना पितळी हंडा, स्टीलची टाकी, तीही नसेल तर झाकणाचे पातेले; थोडे पाणी साठेल, पण पिता येईल. जुने पिंप वाळू भरून दारात आडवे टाकायला, फार तर संडासात टाकायच्या पाण्याला वापरावे.

हा विषय मी मागे कार्यकर्त्यांच्या एका बैठकीत काढला तेव्हा एका साथींनी हसून विचारले, "आता आपण खुर्च्याटेबलांवर ठराव करायचा काय?" हशा झाला. मीही हसलो. परंतु हा प्रश्न नवा नाही. १९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली आणि मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या नेत्यांबरोबर मुंबईच्या हजारो स्त्रिया हातात लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हाही तेलातुपाचे राजकारण म्हणून नाके मुरडणारे विद्वान होते. रॉकेल आणि साखर हे प्रश्न स्वयंपाकघरातले आहेत म्हणून ते राजकीय नाहीत, असे ज्यांना वाटत होते त्यांची आज कोणाला आठवणही नाही. घर बुडते तेव्हा बुडते काय? मजुराच्या आयुष्यातील बचत ही बँकेत फार थोडी असते. ती कपाट, शिलाई यंत्र, मिक्सर, मुलांची पुस्तके या रूपाने घरात उभी असते. ती बचत एका रात्रीत जाते आणि पुढची तीन वर्षे ती पुन्हा उभी करण्यात जातात. या तीन वर्षांत तो मजूर संपावर जाईल अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो घेणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. गरिबाने श्रीमंताचे उतरलेले वापरावे, हेच का तुमचे तत्त्वज्ञान, असे ते विचारतात. या देशात उतरलेले कपडे आणि उष्टे अन्न जातीच्या उतरंडीने ज्यांच्या पदरात टाकले त्यांच्या वारसांना जुन्या वस्तूची शिसारी असेल तर ती समजून घेतलीच पाहिजे. नवे, कोरे, स्वतःच्या पैशांचे घेण्यातला अभिमान हा चंगळवाद नव्हे. म्हणूनच मी दान म्हणून मिळालेल्या वस्तूंचा पुरस्कार करीत नाही. पुरानंतर फाटक्या साड्यांचे आणि मोडक्या खुर्च्यांचे ट्रक पाठवून पुण्य मिळवणाऱ्यांचा तर मुळीच नाही. मी बोलतो ते वस्तू पारखून, दाम मोजून, पावती घेऊन विकत घेण्याच्या हक्काबद्दल. सुताराने चाळीस वर्षांपूर्वी केलेले टेबल हे त्या सुताराच्या श्रमाचे आहे. ते कोणाच्या दिवाणखान्यात मध्यंतरी उभे होते याने त्या श्रमाला विटाळ होत नाही. आणि मृताची खाट घरात ठेवू नये, जुन्या पाळण्यात मूल घालू नये, असल्या समजुतींपुढे मान तुकवायची असेल तर मग आपण प्रबोधनाची भाषा तरी सोडावी. खाट उन्हात टाकावी, सांध्यांत उकळते पाणी ओतावे, ढेकूण मरतात. अपशकुनही त्याच पाण्याने मरतो असा माझा अनुभव आहे.

पूर्वतयारी ही आता बाजारपेठही होऊ लागली आहे. स्वीडनच्या शासनाने २०१८ साली आणि पुन्हा नोव्हेंबर २०२४ पासून घरोघर एक पुस्तिका पाठवून संकटकाळी काय करावे ते सांगितले. युरोपीय आयोगाने मार्च २०२५ मध्ये प्रत्येक कुटुंबाने किमान ७२ तास स्वतःच्या बळावर निभावावे असा आग्रह धरला. आपल्याकडील उत्साही मंडळींनी त्यातले ७२ तास उचलले, आणि बंद पिशवीत भरलेले तयार 'आपत्कालीन संच' विकायला आले. पण स्वीडनमध्ये त्या पुस्तिकेच्या मागे सुमारे ६४,००० निवारे उभे आहेत हे कोणी उचलले नाही. तेथे शासन आधी आपली बाजू सांभाळते आणि मग नागरिकाला एक आठवडा मागते. आमच्याकडे शासन नदीपात्रातले बांधकाम थांबवीत नाही, नाल्यावरचे अतिक्रमण हटवताना झोपडी तेवढी हटवते, आणि नागरिकाला विजेरी घ्यायला सांगते.

मग मागायचे काय? सरकारच्या घरातच उत्तर कुजत पडले आहे. प्रत्येक शासकीय कार्यालयाच्या, नगरपालिकेच्या शाळेच्या, दवाखान्याच्या मागच्या अंगणात एकदा पाहावे. लोखंडी खाटा, सागवानी बाके, कपाटे, रॅक एकावर एक फेकलेली असतात, वर वेली चढलेल्या असतात. ही डेड स्टॉक नोंदवहीतील मालमत्ता. तिचे निर्लेखन व्हायला वर्षे जातात. कारण एका कपाटाच्या किल्ल्या हरवलेल्या असतात आणि एका खाटेचा क्रमांक जुळत नसतो. शेवटी लिलाव होतो तो ठोक. अनामत रक्कम भरू शकणारा भंगार व्यापारी सारी रास उचलतो. जी खाट पूररेषेतल्या एखाद्या घरात आणखी तीस वर्षे उभी राहिली असती ती भट्टीत जाते. आपत्ती व्यवस्थापन कायदा संसदेने २००५ सालीच केला. त्याच्या ४१ व्या कलमाने आपत्तीसाठी लागणारी साधनसामग्री तत्काळ वापरता येईल अशा स्थितीत राखण्याचे कर्तव्य स्थानिक प्राधिकरणांवर टाकले आहे. साधनसामग्री म्हणजे केवळ रबरी होडी आणि दोर, असा अर्थ कायद्यात कोठे लिहिला आहे? उल्हासनगर महानगरपालिका, अंबरनाथ नगरपरिषद आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषद या तिघींनी आपल्या निर्लेखित सामानातील दुरुस्तीयोग्य वस्तू लिलावापूर्वी पूररेषेतील आणि धोकादायक इमारतींतील कुटुंबांना भंगाराच्या भावाने, एकेक नग करून, विकाव्यात. दुरुस्तीचे काम स्थानिक सुतारांना मजुरी देऊन करवावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मुलांना त्यांच्या हाताखाली शिकता येईल. नवे घर घेताना किंवा पुनर्विकासात जे लोक आपले जुने सामान किलोवर देतात ते त्यांना भंगारवाल्यापेक्षा चार पैसे जास्त देऊन प्रभागातल्या समाजमंदिरात घेता येईल असे भांडार उघडावे. त्याच भांडारात शिड्या, दोर, ताडपत्री, पाणी उपसायचा पंप, फावडी या वस्तू वस्तीसाठी सामाईक ठेवाव्यात. प्रत्येक घराने शिडी विकत घेण्याची गरज नाही आणि ऐपतही नाही. भरपाईच्या निकषातली दोन दिवसांची अट काढून टाकण्याची आणि घरगुती वस्तूंच्या यादीत पलंग, कपाट व कामाची यंत्रे नावानिशी घालण्याची मागणी मुंबईत आणि दिल्लीत, दोन्हीकडे गेली पाहिजे.

यांतले काहीही आपोआप होणार नाही. प्रत्येक शाखेने आपल्या प्रभागातील कार्यालये, शाळा आणि दवाखाने वाटून घ्यावेत आणि गेल्या पाच वर्षांत कोणते सामान निर्लेखित झाले, कोणाला, किती रुपयांना गेले, आणि आज किती पडून आहे, याची यादी माहितीच्या अधिकाराखाली मागावी. अर्जाला दहा रुपयांचे न्यायालयीन मुद्रांक लागते आणि उत्तराला कायद्याने तीस दिवसांची मुदत आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पाऊस येतो. तेव्हा एप्रिल संपण्यापूर्वी अर्ज पडलेले असावेत, आणि यादी हाती आल्यावर वाट न पाहता त्या अंगणांत जाऊन, वेली बाजूला सारून, खाटा मोजाव्यात.